अकराशे घराणी, एकच दार

माधव नगर, उज्जैन
१४ जुलै २०२५

मधुरा,

खूप मोठी हो, आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच. मेलने पाठवतोय म्हणून त्याला मेल समजू नकोस. फोनवर सांगितलं की तू "हो मामा, बघते मामा" म्हणतेस आणि विषय हवेत विरून जातो. आपल्या घराण्यात काम लिहून सांगायची पद्धत आहे.

काल नागपूरहून एका यजमानांचा फोन आला. प्रकाश म्हणून आहेत, पितृपक्षात येणार आहेत. गुगलवर त्यांनी आडनाव टाकलं, आपल्या वेबसाइटचं पान उघडलं, वहीचा क्रमांक मिळाला, सगळं ठीक. पण शेवटी गृहस्थ आवाज खाली करून विचारतात, "गुरुजी, तुमच्याकडे काही गडबड आहे का? तुमच्या पत्त्याच्या शेजारी 'सुरक्षित नाही' असं लिहून येतंय." मी म्हटलं, अहो, माधव नगरात राहतो, समोर डॉक्टर, मागे बँकेचे रिटायर्ड मॅनेजर, असुरक्षित काय असणार? नंतर स्वतः पाहिलं तर खरंच लिहिलेलं आहे. तू कॉलेजच्या सुट्टीत इथे बसून ही साइट बनवलीस त्याला आठ वर्षं झाली. आजवर आपल्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. मला गोपाळकृष्णाचा संशय येतो.

त्याचं आणि माझं तुला ठाऊक आहेच. चुलतभाऊ असला तरी आहे तो तसा आहे. माझे गुडघे गेले तेव्हापासून राम घाटावरच्या आपल्या उपाध्येपणाच्या गादीवर तो बसतो आणि मी घरी वह्या घेऊन बसतो. सतरा वह्या, त्यात अकराशे सेहेचाळीस मराठी घराणी. कोण कधी उज्जैनला आलं, कुणाचं श्राद्ध केलं, सोबत कोण होतं, सगळं. त्याचं म्हणणं, वह्या घाटावर हव्यात, माधव नगरात त्यांचं काय काम? माझं म्हणणं, यजमान गुगलवर आडनाव टाकतो, आपलं पान सगळ्यात वर येतं, तो मला फोन करतो आणि घरी येतो. गेल्या पितृपक्षात त्रेसष्ट घराणी अशी आली. ज्या वर्षी ती येणार नाहीत त्या वर्षी गोपाळकृष्णाचं म्हणणं खरं ठरेल आणि वह्या त्याच्याकडे जातील. वह्या गेल्यावर मी घरी बसून काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

तरी ते दोन शब्द पुसून टाक. पुसलेस की लिहून कळव.

तुझा मामा
भय्यासाहेब


पुणे
१६ जुलै २०२५

भय्यामामा,

इथूनच वाकून नमस्कार. पत्र शेवटपर्यंत वाचलं, दोनदा.

गोपाळमामांचा यात काही हात नाही. त्यांना बिचाऱ्यांना स्वतःच्या साइटवरचा गरगर फिरणारा ॐ थांबवता येत नाही, ते दुसऱ्याच्या साइटवर काय लिहिणार! ते दोन शब्द ब्राउझर स्वतः लिहितो. आपली साइट अजून एचटीटीपी नावाच्या जुन्या पद्धतीवर चालते. यजमान तुमच्या फॉर्ममध्ये नाव, गाव, फोन भरतो ते सगळं पोस्टकार्डावर लिहिल्यासारखं उघडं जातं. नव्या पद्धतीचं नाव एचटीटीपीएस. त्यात तोच मजकूर पाकिटात बंद होऊन जातो आणि शेजारी कुलपाचं चित्र दिसतं.

पाकीट लावणं एका दुपारचं काम आहे. खरी अडचण पुढे आहे. पत्त्यात एक 'एस' वाढला की गुगलच्या लेखी पत्ताच बदलला. एकदम अकराशे सेहेचाळीस पानांचे पत्ते बदलणार. जुन्या पत्त्यांनी आठ वर्षांत जे नाव कमावलंय ते नव्या पत्त्यांपर्यंत नीट पोचलं नाही, तर आपण यादीत तळाला जाऊ आणि गोपाळमामांचा ॐ वर येईल. पितृपक्ष ८ सप्टेंबरला सुरू होतोय. करायचं तर आत्ताच, म्हणजे गुगलला ओळख पटवायला महिनाभर मिळेल.

करू का? परवानगी लेखी हवी. तुमच्याच घराण्याची पद्धत.

तुमची
मधुरा


माधव नगर, उज्जैन
१९ जुलै २०२५

मधुरा,

परवानगी आहे. वार शनिवार, वेळ सकाळची, मन प्रसन्न.

नाव पोचवायचं कसं, याची तू उगीच चिंता करतेस. हे काम आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. तिसऱ्या वहीला वाळवी लागली तेव्हा माझ्या आजोबांनी ती नवव्या वहीत उतरवली. पण जुनी फेकली नाही. जुन्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहून ठेवलं, "पुढे पाहा, वही नऊ, पान अमुक." ज्या घराण्याचं पान, त्याच घराण्याचं नवं पान. आजही कुणी जुन्या वहीचा आकडा घेऊन आला तर मी एका मिनिटात नव्या पानावर बोट ठेवतो. आजोबा सांगत, नुसतं "वही नऊ पाहा" लिहिलं असतं तर पुढच्या माणसानं आयुष्यभर पानं उलटली असती.

तुमच्यात असं काही असतं का?

मामी म्हणते, साइट उघडल्यावर घंटा वाजते ती राहू दे.

भय्यासाहेब


पुणे
३ ऑगस्ट २०२५

मामा,

आमच्यात अगदी असंच असतं. त्याला रीडायरेक्ट म्हणतात. आजोबा आमच्या ऑफिसात असते तर मी त्यांच्या हाताखाली काम केलं असतं.

काम झालं. सर्टिफिकेट बसवलं, ते दर तीन महिन्यांनी आपलं आपण नवं होईल. प्रत्येक जुन्या पत्त्यावर त्याच घराण्याचा नवा पत्ता लिहिला. पानांमधले एकमेकांकडे जाणारे दुवेही बदलले. सगळ्या नव्या पत्त्यांची यादी गुगलला दिली. जुने पत्ते मोडायचे नाहीत, ते वर्षानुवर्षं "पुढे पाहा" सांगत उभे राहतील.

मामीला सांगा, घंटा काढावी लागली. ती कुठल्याशा जुन्या उघड्या पत्त्यावरून वाजत होती, तिच्यामुळे कुलूप लागेना. दुसरी आणून बसवते.

साइटची किल्ली, म्हणजे पासवर्ड, सोबत पाठवतेय. मालक तुम्ही आहात, तुमच्याकडे असायला हवी. आत "रीडायरेक्ट" नावाचा भाग दिसेल. तिकडे जायची तुम्हाला काही गरज पडणार नाही.

मधुरा


माधव नगर, उज्जैन
८ ऑगस्ट २०२५

मधुरा,

कुलूप दिसलं! मी समोरच्या डॉक्टरांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "वा भय्यासाहेब, अब तो पक्का हो गया." मामीने त्यांना साबुदाण्याची खिचडी दिली. घंटेबद्दल तिचं तोंड जरा उतरलं, पण कुलूप पाहून तिनेही मान डोलावली.

तू दिलेल्या किल्लीने आत जाऊन आलो. सगळं छान मांडलं आहेस. फक्त एके ठिकाणी मला थोडं उघडंबोडकं वाटलं, तिथे मी जरा आपल्या घराची रीतभात बसवली. तुझ्या कामाला धक्का नाही.

सिंहस्थाच्या तयारीची खोदाखोदी चालू आहे, घाटाकडे जायचं तर रिक्षावाला आधी देवाचं नाव घेतो. गोपाळकृष्ण काल येऊन वह्यांच्या कपाटाची लांबीरुंदी डोळ्यांनी मोजून गेला.

भय्यासाहेब


पुणे
२२ ऑगस्ट २०२५

मामा,

रीतभात बसवलीत हे बरं केलंत. पहिल्या पानावरचा गणपती मोठा केलेला दिसला, झेंडूचं तोरणही छान आहे.

तुम्ही परवा विचारलंत की आपलं पान वर का दिसत नाही. पत्ता बदलला की काही आठवडे असं खालीवर होतंच. गुगल सगळी पानं पुन्हा पाहून जातं, त्याला वेळ लागतो. मी नवे पत्ते एकेक उघडून पाहिले, सगळे नीट उघडतात. काळजी करू नका. काळजी करण्यासारखं काहीही, अगदी काहीही घडलेलं नाही.

मधुरा


माधव नगर, उज्जैन
२९ ऑगस्ट २०२५

मधुरा,

तू एकाच पत्रात दोनदा "काहीही नाही" लिहिलंस. मी सत्तेचाळीस वर्षं यजमानांशी बोलतोय. माणूस एखादी गोष्ट दोनदा नाही म्हणतो तेव्हा ती असते. पण तू म्हणतेस तर असेल.

फोन बंद पडलाय की काय म्हणून मी तो मामीच्या फोनवरून लावून पाहिला. वाजतो. गेल्या वर्षी गणपतीपर्यंत वीस-बावीस घराण्यांचे फोन येऊन गेले होते. या वर्षी नागपूरचे प्रकाशराव सोडले तर कुणाचा नाही, आणि तेही जुलैत.

परवा चतुर्थीला गोपाळकृष्ण आरतीला आला. मोदक खाल्ले, चार खाल्ले, आणि मग सगळ्यांदेखत म्हणाला, "भय्या, अब जिद छोड. यजमान घाटावर येतात, गुगलवर नाही." मला राग आला. मी म्हटलं, अनंत चतुर्दशीपर्यंत माझ्याकडे पाच घराण्यांचे फोन आले नाहीत तर वह्या तू घेऊन जा. समोर गणपती होता, आता शब्द फिरवता यायचा नाही.

तुला एक विचारायचं होतं, सहज. एखाद्यानं पुष्कळ पत्ते एकाच पत्त्याकडे वळवले तर गुगल त्याचं वाईट मानतं का? माझ्या एका ओळखीच्या गृहस्थांसाठी विचारतोय.

भय्यासाहेब


माधव नगर, उज्जैन
९ सप्टेंबर २०२५

मधुराबाई,

मी मीनामामी. हे पत्र तुझ्या मामांना न सांगता लिहितेय. ते आत पोथी उघडून बसलेत, पण अर्ध्या तासात पान उलटलेलं नाही.

वह्या गेल्या. अनंत चतुर्दशीला दुपारी गोपाळकृष्ण भावजी टेंपो घेऊन आले. फोन फक्त दोन आले होते, पाच नाही. तुझ्या मामांनी सतरा वह्या स्वतःच्या हाताने धोतराच्या कपड्यात बांधून दिल्या, प्रत्येकीला हात लावून नमस्कार केला, आणि संध्याकाळी गणपती पोचवायला गेले. एकाच दिवशी घरातून दोन्ही गेलं. तेव्हापासून ते जेवतात, बोलतात, पण कपाटाकडे पाहत नाहीत.

आता कालची गंमत ऐक. पितृपक्षाचा पहिला दिवस, घाटावर ही गर्दी. जळगावचं एक कुटुंब भावजींपुढे उभं. शैलेंद्र नावाचा मुलगा, सोबत आईवडील. वह्या काही आडनावांच्या क्रमाने नाहीत, जे आले ते आले तसे लिहिले. कोण कुठल्या वहीत ते एकतर तुझ्या मामांना पाठ किंवा तुझ्या साइटवर. भावजींना अपमान वाटला असणार मामांना विचारायला. त्यांनी गुपचूप गुगलवर आडनाव टाकलं, खाली कुठेतरी आपलं पान सापडलं, ते दाबलं. पाच मिनिटांनी इथे फोन. मी स्पीकरवर टाकला.

"भय्या, ये क्या लगा रखा है! मी जळगाव दाबतो, गणपती येतो. दुसरं नाव दाबतो, गणपती येतो. धूप में खडे हैं लोग! मला घराणं पाहिजे, तू दर्शन देतोस!"

तुझे मामा पांढरे पडले. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय केलंत? दोन वेळा "काहीही नाही" म्हणाले. तिसऱ्या वेळी सांगितलं. ऑगस्टात त्यांनी किल्लीने आत जाऊन तुझी ती "पुढे पाहा" ची अकराशे सेहेचाळीस वाक्यं पुसली. तिथे एक पर्याय होता म्हणे, सगळे जुने पत्ते एकाच ठिकाणी पाठवा. तो निवडला. आता कुणीही गुगलवरून कुठलंही घराणं दाबलं की पहिल्या पानावर जातं. मी म्हटलं, अहो पण का? तर म्हणाले, "कुणीही आला तरी त्याने आधी पुढच्या दारातून यावं, गणपतीला नमस्कार करावा, मग आत जावं. थेट कुणाच्या पणजोबांपुढे जाऊन उभं राहायचं ही काय रीत झाली?"

माणूस वाईट नाही. पण तू त्यांना रागावून लिही, मला जमत नाही. मी रागावले की ते चहा करून आणतात.

मीनामामी


पुणे
१० सप्टेंबर २०२५

भय्यामामा,

मामीने सांगितलं, आणि तिला काही बोलू नका.

आधी माझं सांगते, कारण मला तुमच्यावर रागवायचा अधिकार नाही. साइट नव्या पत्त्यावर नेताना मी तिची एक चाचणी-प्रत केली होती. त्या प्रतीवर गुगलसाठी सूचना होती, "ही पानं यादीत घेऊ नका." खरी साइट सुरू करताना ती सूचना काढायची असते. मी विसरले. चार दिवस ती तशीच होती. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी ती काढली आणि तुम्हाला सांगितलं नाही. आपलं पान खाली गेलं ते माझ्या चार दिवसांमुळेच, असं मला महिनाभर वाटत होतं. म्हणून मी तुम्हाला "काहीही नाही" लिहीत राहिले आणि नीट शोधलं नाही. मी नवे पत्ते तपासत होते, ते उघडतच होते. जुना एकही पत्ता दाबून पाहिला नाही. तुमच्या त्या 'ओळखीच्या गृहस्थां'च्या प्रश्नालाही उत्तर दिलं नाही. ज्या पोरीला कामावरून काढावं, ती मीच.

आता तुमचं. मामा, तुम्ही स्वतः मला लिहिलं होतंत की नुसतं "वही नऊ पाहा" लिहिलं असतं तर माणसानं आयुष्यभर पानं उलटली असती. तेच तुम्ही केलंत. अकराशे पत्ते एका दारापाशी आले की गुगल म्हणतं, ही पानं राहिलीच नाहीत, यादीतून काढा. आणि यजमान म्हणतो, इथे माझं घराणं नाही.

काल संध्याकाळी मी माझ्या जुन्या यादीवरून सगळं पुन्हा लावलं. जुना पत्ता दाबला की थेट त्याच घराण्याचं पान. हे लगेच चालू झालंय. पूर्वीची वरची जागा मिळायला दिवाळी होईल. पण आपली आडनावं अशी आहेत की बऱ्याच ठिकाणी दुसरा कुणी उमेदवारच नाही, तिथे आपण लवकर दिसू.

वह्या गेल्याचं मला फार लागलं. मी गोपाळमामांशी बोलू का?

मधुरा


माधव नगर, उज्जैन
१२ सप्टेंबर २०२५

मधुरा,

गोपाळकृष्णाशी अजिबात बोलू नकोस. शब्द मी दिला होता, तूही नाही आणि गुगलनेही नाही.

तू म्हणतेस ते खरं, आजोबांची रीत मीच तुला सांगितली आणि मीच मोडली. पण माझी बाजू ऐक. वहीचं पान मी उघडतो. यजमान बाहेर बसतो, पाणी पितो, गाव सांगतो, मग मी वही आणतो. तुझ्या साइटवर यजमान स्वतःच चपला घालून थेट आतल्या खोलीत. ते पाहून माझ्या जिवाला बरं वाटेना. म्हणून मी त्यांना पुढच्या दाराशी वळवलं. तिथे बसवून पाणी द्यायला मात्र कुणी नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. बिचारे गणपतीकडे पाहून परत गेले.

लपवलं दोघांनी. तुझी चूक चार दिवसांची, माझी पस्तीस दिवसांची. तू लहान, मी मोठा, तेव्हा प्रमाण बरोबर आहे. तुला कामावरून काढत नाही.

काल एक फोन आला. पान थेट उघडलं म्हणाले. मी त्यांना घाटावर गोपाळकृष्णाकडे पाठवलं. वह्या तिथे आहेत, दुसरं काय करणार.

भय्यासाहेब


पुणे
१८ सप्टेंबर २०२५

मामा,

काल बावीस आडनावांवर आपण पहिले आलो. मंगळवारी नऊ होती. घंटाही नवी बसवली, मामीला ऐकवा.

तुम्ही परवा दोन शब्दांचं पत्र पाठवलंत, फक्त "पत्र पोचलं" एवढंच. असं करू नका. रागावून लिहा, पण लांब लिहा.

मधुरा


माधव नगर, उज्जैन
२५ सप्टेंबर २०२५

मधुरा,

घे, लांब लिहितो.

सर्वपित्री अमावास्येला सकाळी आठला फोन आला. अमृता घोटणकर नावाची मुलगी, वडिलांना घेऊन आलेली, नानाखेड्याच्या बसस्टँडवर उतरली होती. तिने फोनवरच पान वाचून दाखवलं, "वही अकरा, पान अठ्ठ्याऐंशी, पहिली नोंद शके अठराशे त्रेपन्न, माणिकराव. गुरुजी, ते माझ्या बाबांचे आजोबा. त्यांनी सही केलेली आहे का हो? बाबांना ती सही बघायची आहे." मी नेहमीसारखं घाटावर जा म्हणून सांगणार होतो. पण सहीचं ऐकून मला राहवेना. मामी नको म्हणत असताना रिक्षा केली आणि त्यांना घेऊन मीच गेलो.

घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. गोपाळकृष्णापुढे एक कुटुंब बसलेलं, म्हणून आम्ही मागे उभे राहिलो. त्याने वही उघडली, बोट फिरवलं आणि ठसक्यात वाचलं, "विठ्ठलराव, सखारामपंत, रामचंद्रपंत." त्या लोकांनी हात जोडले. पुढचं कुटुंब बसलं. वेगळी वही, वेगळं पान. गोपाळकृष्णाने बोट फिरवलं. "विठ्ठलराव, सखारामपंत, रामचंद्रपंत."

मी मनात म्हटलं, योगायोग. मग घोटणकर बसले. वही अकरा. पान बरोबर काढलं त्याने, आकडे त्याला वाचता येतात. बोट फिरवलं आणि म्हणाला, "हां, हे बघा, विठ्ठलराव, सखाराम..."

अमृता म्हणाली, "पण गुरुजी, साइटवर तर माणिकराव लिहिलंय." आणि फोन पुढे केला.

मधुरा, तेव्हा मला सगळं कळलं. वह्या मोडी लिपीत आहेत. आजोबा आम्हाला मोडी शिकवायला बसवत तेव्हा मी धुळाक्षरं गिरवायचो आणि हा गच्चीवर पतंग उडवायचा. आजोबा गेले तेव्हा हा नऊ वर्षांचा. त्याला मोडी येत नाही! एक अक्षर येत नाही! पंधरा दिवस हा माणूस जो येईल त्याला तेच तीन पूर्वज वाटत होता, आणि आपल्या लोकांत विठ्ठलराव नाही असं घराणं कुठे असतं? सगळे खूश होऊन जात होते.

मला आधी हसू फुटलं. मग इतका राग आला की काठी हातात घट्ट धरली. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने वर पाहिलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण चेहरा पाढे न येणाऱ्या पोराचा असतो तसा. मी काठी खाली टेकवली. तो गादीवरून उठला. सगळ्या घाटादेखत वही माझ्याकडे सरकवली आणि हळू आवाजात म्हणाला, "भय्या, तू बैस. मला नाही वाचता येत."

मी बसलो. माणिकराव सापडले, त्यांची सही सापडली. घोटणकरांनी त्या सहीवर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही. त्यांनी बोट उचलल्यावर मी दिवसभर तिथेच बसलो, गुडघे दुखायचे विसरले. गोपाळकृष्ण शेजारी उभा राहून वह्या काढून देत होता. संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून पंधरा दिवसांतल्या सगळ्या कुटुंबांना फोन लावायला सुरुवात केली आणि खरी नावं सांगितली. पितरांना चुकीच्या नावाचं कसं पोचतं ते मला माहीत नाही, पण घरच्यांना तरी खरं कळलेलं बरं. एक बाई म्हणाल्या, आम्हाला विठ्ठलरावच आवडले होते.

घटस्थापनेला सकाळी तो टेंपो घेऊन आला, वह्या कपाटात लावल्या, आणि गेला नाही. पाटावर बसला. म्हणाला, "शिकव." मी म्हटलं, या वयात? तो म्हणाला, "तेरे बाद कौन वाचेगा?" मामीने पाटी आणून ठेवली.

आज चौथा दिवस. त्याला म्हटलं, अक्षरं पुरे, एक ओळ वाच. वही अकरा, पान अठ्ठ्याऐंशी, अगदी खालची ओळ. तो वाकला. एकेक अक्षर धरत, सोडत, पुन्हा धरत दहा मिनिटांनी वाचलं त्याने. "हस्ताक्षर बळवंत नारायण शेवगावकर."

आमचे आजोबा. त्याने चष्मा काढून ठेवला आणि मला विचारलं, "भय्या, हे इतके दिवस इथेच होते?"

भय्यासाहेब